मदत हवी आहे: बुरशी लागलेल्या कॅसेट कोण साफ करून देतं?

मंडळी, आमचा जिवलग दोस्त गणपतीच्या तोंडावर गेला. वेंगुर्ल्याकडचा, दशावतारात पखवाज वाजवायचा. आता त्याच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत कॅसेटचा ढीग सापडलाय, जत्रांतल्या नाटकांचं रेकॉर्डिंग. पण आपल्याकडची दमट हवा! बहुतेक फितींच्या कडेला पांढरी बुरशी आहे.

एकच धड होती, ती लावली. नाटकात संकासुर राक्षस येतो तेव्हाचा आमच्या दोस्ताचा ठेका खणखणीत ऐकू येतो, आणि मध्येच त्याचा दबका आवाज, "मेल्या, न्हिदलंस काय? सूर दी!" पेटीवर मीच होतो. पहाटे चारला कोण जागं असतं, सांगा! वहिनींनी ते एवढंच परत परत लावायला सांगितलं.

बाकीच्या मी टेपला लावलेल्या नाहीत. बुरशी हेडला लागते आणि तिथून चांगल्या कॅसेटवरही जाते. त्यात बऱ्याच ९० मिनिटांच्या, म्हणजे फीत ६० वालीपेक्षा पातळ, ताण बसला की तुटायची. स्क्रूवाल्या उघडता येतील, पण चिकटवून बंद केलेल्यांचं काय करायचं?

कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरी किंवा गोव्यात हे काम हाताने, जपून करणारं कोणी माहीत आहे का? कुरिअरने पाठवायला जीव होत नाही, स्वतः घेऊन येईन. तोवर त्या ठेवायच्या कशा, तेही सांगा. खर्च आम्ही मित्र मिळून करतोय. वर्षश्राद्धाआधी झालं तर बरं.