मदत हवी आहे: हेलिकॉप्टरनं जावं का नाही? आजच सांगा

पऱ्हाटीवाला: तिकिटं निघाली आहेत. आईच्या गुडघ्यांमुळेच काढली. बायको 'नको' म्हणते, आई 'जाईनच'. रद्द करायचं तर आजच करावं लागते. धोका किती, एवढंच सांगा. लेक्चर नको.

सावजी_रस्सा: कुठं जाऊन राहिले भाऊ? इकडं नवरदेवही हेलिकॉप्टरनं येते आता.

पऱ्हाटीवाला: केदारनाथ! अजून कुठं?

सातपुड्याची_सून: महिना कोणता? हेलिकॉप्टर कुठून, गुप्तकाशी, फाटा की सिरसी? आईंचं वय, बीपी? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

पऱ्हाटीवाला: जून. सिरसी. सत्तरीच्या आहेत, बीपीची गोळी चालू.

फिटर_बुटीबोरी: इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. खालून येणाऱ्या हवेनं पंखा फिरत राहते, पायलट उतरवू शकते. बिनधास्त जा.

सातपुड्याची_सून: उतरवायला मोकळी जागा पायजे ना! त्या दरीत कुठं शेत आहे? आणि तिथं खरा घात ढगांचा. ऑक्टोबर 2022 मध्ये हेलिकॉप्टर पडून सात गेले. 15 जून 2025 ला गौरीकुंडजवळ पुन्हा सात, त्यात आपल्या वणीचं कुटुंब. तुमचाही जूनच आहे.

सावजी_रस्सा: सकाळची पहिली फेरी घ्या, ढग दुपारी येतात.

सातपुड्याची_सून: ते पहाटेच पडलं होतं हो.

फिटर_बुटीबोरी: समृद्धीवर 1 जुलै 2023 ला सिंदखेड राजाजवळ एका बसमध्ये 25 जण गेले. नागपूर-पुणे बस सोडली का कोणी?

वरुडची_संत्री: काहून वाद घालता? गौरीकुंडाहून डोली करा. माझ्या सासूबाई तशाच गेल्या. नाही तर शेगाव काय वाईट आहे?

पऱ्हाटीवाला: शेगाव दरवर्षीच होते. मी काय विचारलं, तुम्ही काय सांगता!

सातपुड्याची_सून: ऐका. पडण्याच्या भीतीआधी बीपीचं पाहा. सिरसीहून काही मिनिटांत साडेतीन हजार मीटरवर पोचवतात, शरीराला सवय व्हायला वेळच नाही. डॉक्टरला विचारा. जायचंच तर जून सोडून सप्टेंबरच्या शेवटी जा. हाती दोन दिवस जास्त ठेवा, म्हणजे फेरी रद्द झाली तर 'उडवाच' म्हणून भांडावं लागणार नाही. घाई असलेल्यानं त्यात बसूच नये, हे माझं मत.

फिटर_बुटीबोरी: आईंचं वजन किती? 80 किलोच्या वर जास्त पैसे लागतात.

पऱ्हाटीवाला: विचारलं. आता आई माझ्याशी बोलून नाही राहिली.