मदत हवी आहे: जपानी मजकुरातील ‘मिठाच्या पाण्या’साठी मराठी शब्द

नमस्कार. मी जपानीतून मराठीत भाषांतर करतो. सध्या हाती दोन कामे आहेत, एक मासळीच्या पाककृतींचे आणि दुसरे शीतगृहाच्या यंत्रणेचे. दोन्हींत मिठाचे पाणी पानोपानी येते, पण दर वेळी नाव निराळे असते.

‘मीठ’ आणि ‘पाणी’ या अर्थांच्या कांजींची, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांची, जोडी स्वयंपाकात ‘शिओमिझु’ अशी वाचतात, तर तांत्रिक जोडशब्दांत ‘एन्सुई’ अशी. भाताचे पोचट बी मिठाच्या पाण्यावर तरंगवून वेगळे करण्याच्या पद्धतीला ‘एन्सुईसेन’ म्हणतात. ही बीजप्रक्रिया आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाची असल्यामुळे तिथे माझे अडले नाही.

अडले ते स्वयंपाकघरात. मासळीला सगळीकडे सारखे मीठ लागावे म्हणून ती समुद्राइतक्या, म्हणजे सुमारे ३ टक्के खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवतात. त्या पाण्याला ‘तातेजिओ’ म्हणतात. याच्या उलट, खारवलेल्या हेरिंग माशाच्या गाबोळीतला खारटपणा उतरवण्यासाठी ती साध्या पाण्यात न ठेवता अगदी फिक्या मिठाच्या पाण्यात ठेवतात, कारण साध्या पाण्यात ती वरून पाणचट होते आणि आत खारटच राहते. हे ‘मुकाएजिओ’, शब्दशः ‘सामोरे जाणारे मीठ’. पहिल्यासाठी मी ‘मिठवणी’ योजले आहे. दुसऱ्यासाठी ‘फिके मिठवणी’ लिहिले खरे, पण त्यात मिठानेच मीठ काढण्याची गंमत पार हरवते.

‘कान्सुई’ने तर मला चांगलेच फसवले. मिठागराच्या संदर्भात त्याचा अर्थ मीठ पडण्यापूर्वीचे तीव्र खारे पाणी असा होतो, म्हणून रामेन या शेवयांच्या पदार्थाच्या पाककृतीतही मी ‘खारे पाणी’ लिहून मोकळा झालो. तिथे ते सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचे अल्कधर्मी द्रावण असते, ज्याने शेवयांना पिवळसर झाक आणि चिवटपणा येतो. आपल्या पापडखाराशी त्याचे नाते अधिक जवळचे.

शीतगृहाच्या मजकुरात ‘बुराइन’, म्हणजे इंग्रजी ‘ब्राइन’, आहे. हे बहुधा कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण असते, परंतु मीठ मुळीच नसलेल्या ग्लायकॉलच्या द्रावणालाही तेच नाव देतात. त्यामुळे ‘खारे पाणी’ बाद झाले, आणि ‘शीतवाहक द्रावण’ कारागिराच्या तोंडी बसेल असे वाटत नाही.

तेव्हा तीन गोष्टी विचारतो. मुकाएजिओसाठी कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या मासळीचा खारटपणा उतरवताना वापरतात असा एखादा शब्द आहे का? मिठागरात त्या तीव्र पाण्याला काय म्हणतात? आणि बर्फाच्या कारखान्यात काम केलेल्यांनी सांगावे, तिथे सरळ ‘ब्राइन’च म्हणतात का?