ई-कॅडहेरिन तुटक-तुटक रंगलंय: लोब्युलर म्हणायचं की डक्टल?

स्लाइडघर_विश्रामबाग (सांगली)

स्तनाच्या कॅन्सरची कोअर बायोप्सी (सुईने काढलेला बारीक तुकडा) आहे, जत भागातून आलेली. लोब्युलर की डक्टल, या दोनपैकी प्रकार ठरवायचाय. एचअँडईवर (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाईवर) लहान, एकसारख्या पेशी, बऱ्याच ठिकाणी एकामागे एक अशा ओळीत. ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) जोरात पॉझिटिव्ह, हर-टू (वाढीचा रिसेप्टर) शून्य. घोळ ई-कॅडहेरिनचा, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या प्रोटीनच्या रंगाईचा आहे. लोब्युलरमध्ये ते सहसा दिसत नाही, डक्टलमध्ये दिसतं. काही पेशी साफ कोऱ्या, काहींच्या कडेला तुटक ठिपके, एका कोपऱ्यात पेशीच्या आतच फिकट तपकिरी. रिट्रीव्हल (फॉर्मालिनने झाकलेलं प्रोटीन गरम बफरमध्ये उघडं करणं) सिट्रेट, पीएच ६ वर केलं होतं.

दोन प्रश्न. हा रंगाईचा दोष की ट्यूमरच तसा? आणि सर्जन विचारतायत, "चिकटवणारं प्रोटीन गेलं म्हणजे हा जास्त पसरणारा ना?" त्यांना काय सांगायचं?

---

मायक्रोटोम_कराड

ट्यूमर नंतर बघा, आधी त्याच स्लाइडवर नॉर्मल डक्ट (दूधनलिका) शोधा. आतल्या थराच्या पेशींना सलग, धारदार तपकिरी रेघ हवी. ती असेल तर रंगाई बरोबर. तिथेही रेघ तुटकी असेल तर स्लाइड बाद, त्यावर एक अक्षर लिहू नका. मायोएपिथेलियल (बाहेरच्या थराच्या) पेशी फिकट रंगतात, त्यांच्यावरून ठरवू नका.

रिट्रीव्हल बदलून बघा. ट्रिस-ईडीटीए, पीएच ९, ९५ ते ९८ अंश, २० मिनिटं. मग त्याच बफरमध्ये २० मिनिटं थंड होऊ द्या. घाईत नळाखाली धरलं की सेक्शन (पातळ काप) काचेवरून उचलतं. स्तनात चरबी भरपूर, त्यात पीएच ९, त्यामुळे साध्या काचेवर टिकतच नाही. चार्ज्ड (सेक्शन धरून ठेवणारी) स्लाइड, ३ ते ४ मायक्रॉनचं सेक्शन, ६० अंशांवर तासभर बेकिंग.

आता फिक्सेशन, म्हणजे सॅम्पल फॉर्मालिनमध्ये टिकवणं. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या सॅम्पलची खरी गोची तिथेच असते. काही बरण्या सलाइनमध्येच येतात, काहींत फॉर्मालिन कसंबसं तळाला. सॅम्पलच्या किमान दहापट फॉर्मालिन हवं, आणि तेही बफर केलेलं: बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. काढल्यापासून तासाच्या आत त्यात बुडालं पाहिजे आणि ६ ते ७२ तास राहिलं पाहिजे. कोअरला अडचण नाही, तो बारीकच. पण अख्खं मास्टेक्टॉमी (काढलेला पूर्ण स्तन) न कापता बरणीत कोंबलं तर फॉर्मालिन आत पोचायच्या आधी मधला भाग सडतो. मग कडेला झकास रंग, मध्ये कोरं, आणि वाचणारा म्हणतो ई-कॅडहेरिन गेलं. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन असेल तर निदान ५ मिलिमीटरच्या चकत्या पाडून ठेवायला सांगा.

---

हिस्टो_मिरज

कंट्रोल (नॉर्मल डक्टची रेघ) बरोबर निघाला असं धरून पुढचं. तुम्ही सांगताय ते चित्र लोब्युलरमध्ये बसतं. लोब्युलर म्हणजे ई-कॅडहेरिन पूर्ण कोरं, असं पाठ झालेलं असतं. ते बहुतेक केसेसमध्ये खरंही आहे. पण काही लोब्युलरमध्ये प्रोटीन बनतं, फक्त ते कामाचं नसतं. तुटक रेघ, ठिपके, पेशीच्या आत साठलेला रंग, ही त्याचीच लक्षणं. तपकिरी दिसलं म्हणून लगेच डक्टल लिहू नका.

पी-१२० कॅटेनिन लावा. हे प्रोटीन ई-कॅडहेरिनच्या आतल्या शेपटीला धरून पडद्यापाशी असतं. शेपटी गेली की ते सुटतं आणि पेशीभर पसरतं. म्हणून डक्टलमध्ये कडेला रेघ, लोब्युलरमध्ये अख्खा सायटोप्लाझम तपकिरी. कोऱ्या स्लाइडवर निर्णय घेण्यापेक्षा हे बरं, कारण इथे लोब्युलरलाही रंग येतो आणि रंगाई फसल्याची शंका उरत नाही. बीटा-कॅटेनिन (ई-कॅडहेरिनला धरून असणारं दुसरं प्रोटीन) पडद्यावरून गेलेलं दिसलं तर आणखी पक्कं.

रंगाईच्या अँटिबॉडीचा क्लोनही (नेमका कुठला वाण) बघा. काही क्लोन पेशीबाहेरच्या भागाला चिकटतात, काही आतल्या. ई-कॅडहेरिन बनवणाऱ्या सीडीएच१ जनुकातल्या म्युटेशनने प्रोटीन अर्धवट बनलं तर एका क्लोनला दिसेल, दुसऱ्याला नाही.

आणि नॉर्मल डक्टचे तुकडे ट्यूमरमध्ये अडकलेले असतात, ते रंगले की "फोकल पॉझिटिव्ह" असा शेरा पडतो. एचअँडई शेजारी ठेवूनच वाचा.

---

कृष्णाकाठ_बायो

सर्जनना सरळ हो म्हणा की. ई-कॅडहेरिन गेलं म्हणजे ईएमटी (एपिथेलियल, म्हणजे अस्तराच्या पेशीने रूप बदलून फिरती होणं), पेशी सुट्या झाल्या, रोग आक्रमक.

---

अजिंक्यतारा_लॅब

@कृष्णाकाठ_बायो, एवढं सरळ नाही ते. लोब्युलरमध्ये जनुकच बिघडतं: सीडीएच१ची एक प्रत म्युटेशनने, दुसरी बहुधा १६क्यू (१६व्या गुणसूत्राची लांब भुजा) तुटल्याने. तिथे ई-कॅडहेरिन जातं, पण पेशी बऱ्याचदा एपिथेलियलच राहतात, केराटिन (त्यांचं ओळखीचं प्रोटीन) शाबूत. ईएमटी वेगळं. त्यात स्नेल, ट्विस्ट, झेब१ असे घटक जनुक दाबून ठेवतात, आणि दाब उठला की प्रोटीन परत येऊ शकतं. म्हणून डक्टल कॅन्सरच्या मेटास्टॅसिसमध्ये (दूर पसरलेल्या गाठीत) ई-कॅडहेरिन छान रंगलेलं सापडतं.

२०१९ साली उंदरांवरच्या कामात उलटंच दिसलं. डक्टल प्रकारच्या ट्यूमरमधून ई-कॅडहेरिन काढल्यावर पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या, पण दूरच्या मेटास्टॅसिस कमी झाल्या. सुट्या झालेल्या पेशी ऑक्सिडेटिव्ह ताणाने वाटेतच मरत होत्या. इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर घ्या: लसिकावाहिन्यांत पेशींचे गच्च गोळे, ई-कॅडहेरिन भरपूर, आणि रोग अतिशय आक्रमक. मग लोब्युलर पेशी एकट्या कशा जगतात? सुटलेलं पी-१२० आतून रो-रॉक हा पेशीतला संदेशमार्ग चालू करतं, त्यामुळे आधार सुटूनही त्या मरत नाहीत. डक्टल पेशीकडे ही सोय आयती नसते.

---

हिस्टो_मिरज

सर्जनना एवढं सांगा: ई-कॅडहेरिनवरून प्रकार ठरतो, औषध नाही. औषध ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर), हर-टू, ग्रेड आणि स्टेजवर. पण प्रकार कळल्याने शोधायच्या जागा बदलतात. लोब्युलर गाठ न करता पसरतो, मॅमोग्राफीत आकार कमी दिसतो किंवा निसटतो. शस्त्रक्रियेआधी एमआरआयचा विचार करावा. लिम्फ नोडमध्ये एकेकट्या पेशी लिम्फोसाइटसारख्या दिसतात, शंका असेल तर पॅनकेराटिन लावा.

नंतर कधी पेरिटोनियम, अंडाशय किंवा जठरात पसरला आणि जठराच्या बायोप्सीत सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या) पेशी दिसल्या, तर ई-कॅडहेरिनवर विसंबू नका. जठराचा डिफ्यूज (सुट्या पेशींचा) कॅन्सरही बहुधा कोराच असतो. तिथे गाटा-३ आणि ईआर (स्तनाच्या खुणा), जोडीला सीडीएक्स२ (पचनमार्गाची खूण). घरात जठराचा डिफ्यूज कॅन्सर किंवा कमी वयात लोब्युलर झालेलं कुणी असेल तर सीडीएच१ची जनुकीय तपासणी आणि समुपदेशन सुचवा.

---

स्लाइडघर_विश्रामबाग (सांगली)

पीएच ९ वर परत लावलं. नॉर्मल डक्टची रेघ आता सलग आहे, ट्यूमर तसाच तुटक. पी-१२० पेशीभर तपकिरी. लोब्युलर म्हणूनच रिपोर्ट देतोय, "ई-कॅडहेरिन: अनियमित, तुटक, पी-१२०: सायटोप्लाझमिक" असं दोन्ही वेगळं नोंदवून.