हत्यारांची एकत्रित खरेदी : शुक्रवारपर्यंत आकडा कळवावा

घर क्र. ११
सर्वांना नमस्कार. गेल्या दिवाळीत आपण सगळ्यांनी मिळून जो हत्यारांचा संच मागवला होता, त्यातल्या १२-१३ च्या (एका टोकाला १२ आणि दुसऱ्या टोकाला १३ मिलिमीटरच्या) पान्याने आज सकाळी माझ्या स्कूटरच्या ऑइलच्या बोल्टाचे कोपरे गोल करून टाकले. पाना लावला, जोर दिला, तो घसरला आणि माझी बोटे स्टँडच्या लोखंडावर आपटली. आता तो बोल्ट कोणत्याच पान्यात धरत नाही आणि स्कूटर ढकलत मेस्त्रींकडे न्यावी लागणार आहे. त्याच विक्रेत्याच्या १०८ नगांच्या संचाची यादी ग्रुपवर पुन्हा फिरते आहे, म्हणून हे लिहिले. नाव देण्यापूर्वी प्रत्येकाने विचार करावा, ही विनंती.

घर क्र. ५
ताई, फार लागले नसेल अशी आशा आहे. मात्र मागचा संच ४६ नगांचा होता आणि आताचा पूर्णपणे वेगळा आहे. किंमत २,४९९ रुपये असून १० घरांची नावे आल्याखेरीज ही सवलत मिळणार नाही. आतापर्यंत ७ नावे आली आहेत. ऑफर शुक्रवारी रात्री १२ वाजता संपते. कृपया आकडा कळवावा.

घर क्र. २
पान्यांचा विषय निघालाच आहे, तर माझा १४-१५ चा रिंग पाना गणपतीच्या मंडपाच्या वेळी घर क्र. १४ ने नेला होता, त्याची आठवण करून देतो. सप्टेंबर केव्हाच सरला.

घर क्र. १४
काका, तो पाना मी सर्वांच्या देखत मंडपवाल्यांच्या हातात दिला होता. त्या दिवशी आपणही तिथेच खुर्चीवर बसला होता.

सचिव
दोघांनाही नम्र विनंती, की मागे शिडीवरून जो वाद झाला तो या ग्रुपवर पुन्हा होऊ देऊ नये. विषय खरेदीचा आहे.

घर क्र. ८
ताई, स्कूटर आज हलवू नका. बोल्टाच्या बाजूने गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. संध्याकाळी मी सहा कोनी गोटी (बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा सॉकेट) घेऊन येतो. मेस्त्रींकडे छिन्नी लावण्याआधी एक प्रयत्न करून पाहू. तुमचा तो पानाही फेकू नका, मला तो मोजून पाहायचा आहे.

घर क्र. ९
मी १०८ नगांच्या त्या संचाचे चित्र मोठे करून मोजले. त्यातले ४० नग म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची टोके आहेत, ३० भिंतीत ठोकायचे प्लॅस्टिकचे गुल्ले आहेत आणि १६ गोट्या इंची मापाच्या आहेत. आपल्या गाड्यांचे नटबोल्ट मिलिमीटरमध्ये असतात, त्यामुळे त्या १६ गोट्यांचा आपल्याला उपयोग नाही. उलट धोकाच आहे. अर्ध्या इंचाची गोटी १२.७ मिलिमीटरची असते. ती १२ च्या बोल्टावर सहज बसते, बसली म्हणून आपण जोर देतो आणि त्या ०.७ मिलिमीटरच्या फटीत कोपरे मरतात.

घर क्र. ५
घरात १६ गोट्या जास्त असल्या म्हणून बिघडले कोठे? नगामागे साधारण २३ रुपये पडतात, या भावात बाजारात साधी एलन की सुद्धा मिळणार नाही. ऑफर शुक्रवारी रात्री १२ वाजता संपते. कृपया आकडा कळवावा.

घर क्र. ८
नगामागे २३ रुपये हेच माझ्या काळजीचे कारण आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात टूल रूममध्ये ३१ वर्षे काढल्यामुळे हे लिहितो, कोणाला कमी लेखण्यासाठी नाही. चांगला पाना क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा तुकडा तापवून, साच्यात घणाखाली दाबून घडवतात आणि मग उष्णतेची प्रक्रिया करून त्याला कठीण पण चिवट करतात. ही प्रक्रिया टाळली की वरचा मुलामा कितीही चकचकीत असला, तरी आतले लोखंड मऊच राहते आणि पहिल्याच घट्ट नटावर तोंड फाकते. तोंड फाकले, की त्या पान्याने दुसऱ्यांदा काम करणे म्हणजे नटाचा बळी देणे होय.

घर क्र. ९
काका, मग सुरुवात कशापासून करावी? माझ्याकडे मोटरसायकल आहे आणि पोर्चमध्ये एक टेबल टाकले आहे, एवढेच माझे गॅरेज.

घर क्र. ८
तुमच्यासाठी पहिली खरेदी ८, १०, १२, १४ आणि १७ या मापांची. जपानी रचनेच्या गाड्यांत ८ मिलिमीटर आट्याच्या बोल्टाचे डोके बहुधा १२ चे असते, तर बाजारात सुटा मिळणारा त्याच आट्याचा बोल्ट १३ डोक्याचा येतो. म्हणून १२-१३ चा पाना सर्वांत जास्त वापरला जातो आणि तोच सर्वांत चांगला हवा. तोही आधी रिंग पाना (बंद कड्याचा) घ्यावा, मग फिक्स (उघड्या तोंडाचा). फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग चहूबाजूंनी धरते. घट्ट नट रिंगने सैल करावा आणि मग फिक्स पान्याने पटापट काढावा. फिक्स पान्याचे तोंड १५ अंश तिरके असते, ते उगाच नसते. अडचणीच्या जागी पाना उलटा करून लावला, की ३० अंशांच्या हालचालीतही नट फिरवता येतो.

घर क्र. २
हे सर्व खरे आहे, म्हणूनच मी तो १४-१५ चा रिंग पाना जपून ठेवला होता.

घर क्र. १४
काका, मी मंडपवाल्यांना फोन केला आहे.

घर क्र. ६
मला पक्कडीबद्दल लिहायचे आहे, कारण या ग्रुपवर पंख्याची आणि बोर्डाची कामे घरीच करणारे बरेच जण आहेत. मुठीवर लाल-पिवळे प्लॅस्टिक असले, की ती पक्कड विजेच्या कामाला चालते, हा समज सर्वांनी मनातून काढून टाकावा. ते प्लॅस्टिक हाताला सोयीचे वाटावे म्हणून असते. विजेच्या कामासाठी तपासलेल्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असा आकडा असतो, तसेच आयईसी ६०९०० या मानकाचा उल्लेख असतो. तो असला, तरीही आधी मेन स्विच बंद करावा. माझ्या दिराला आमच्याच पोर्चमध्ये झटका बसला होता, तेव्हा त्याच्या हातात अशीच रंगीत मुठीची पक्कड होती. त्या संचातल्या पक्कडीवर ही खूण दिसत नाही.

घर क्र. ५
वहिनी, विजेचे काम या संचाने करा, असे मी कोठेही म्हटलेले नाही. घरात लहानसहान कामाला काहीतरी असावे, एवढाच माझा हेतू होता. यादी करणे, पैसे गोळा करणे, खोकी घरोघरी पोचवणे हे मी विनामोबदला करतो, याचीही नोंद कोणीतरी घ्यावी. ऑफर शुक्रवारी रात्री १२ वाजता संपते.

सचिव
आपल्या श्रमांची सर्वांना जाणीव आहे, साहेब. प्रश्न हत्यारांच्या दर्जाचा आहे.

घर क्र. ८
मागच्या खरेदीत मी स्वतः नाव दिले होते, त्यामुळे दोष एकट्या घर क्र. ५ चा नाही. वस्तू हातात न घेता घेतली, ही सगळ्यांचीच चूक. हत्यार दुकानात तपासूनच घ्यावे. जाताना आपल्या गाडीचा एखादा सुटा बोल्ट खिशात न्यावा आणि पाना त्यावर बसवून हलवून पाहावा. पक्कड मिटून उजेडाकडे धरावी. धारेच्या भागातून उजेड दिसला तर परत करावी, नाही दिसला तर त्याच धारेने कागदाची पट्टी कापून पाहावी. स्क्रू पान्याचा सरकता जबडा बोटाने हलवावा. तो डगमगत असेल, तर तो नटावर घसरणार. वापरतानाही स्क्रू पाना अशा दिशेने फिरवावा, की जोर स्थिर जबड्यावर येईल. हातोडीच्या दांड्यातील लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने जातात का, आणि डोक्यात पाचर घट्ट बसली आहे का, हे पाहावे. आडव्या रेषांचा दांडा एक दिवस तुटतो आणि डोके कोणाच्या तरी अंगावर जाते.

घर क्र. ९
एक भर घालतो. जपानी गाड्यांच्या फुलीच्या स्क्रूंना साधा फिलिप्स ड्रायव्हर लावला, तर तो वर उचलला जातो आणि फुली खराब होते. त्या स्क्रूंच्या डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका असतो. त्यांच्यासाठी जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा ड्रायव्हर मिळतो. मी कार्बोरेटरचे दोन स्क्रू गमावल्यावर हे शिकलो.

घर क्र. ११
सर्वांना कळवते, की बोल्ट निघाला. घर क्र. ८ च्या काकांनी सहा कोनी गोटी बोल्टाच्या डोक्यावर ठेवून हातोडीने हलके ठोकत बसवली, मग लांब दांड्याने एका दमात फिरवले. बारा कोनी गोटी इथे चालली नसती, असे त्यांनी दाखवून दिले, कारण ती कोपऱ्यांवर टेकते आणि कोपरे तर उरलेच नव्हते. नंतर त्यांनी माझ्या पान्याचे तोंड व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या उपकरणाने) मोजले. वर १२ कोरले आहे आणि आतून ते १२.६ भरले. त्यांचा स्वतःचा पाना १९९४ सालचा आहे आणि तो त्याच व्हर्नियरवर १२.१ भरला. दोन्ही पाने मी शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला आहे, तो खाली टाकते. नवीन बोल्ट आणि तांब्याचा वॉशर उद्या आणणार आहे.

घर क्र. ५
फोटो पाहिला. आकडा बोलका आहे. मी विक्रेत्याला यादी रद्द झाल्याचे कळवतो. ज्या ७ जणांनी नावे दिली होती, त्यांनी कृपया नाराज होऊ नये. आता काकांनीच सांगावे, की २,४९९ रुपयांत कोणकोणत्या वस्तू घ्याव्यात आणि कोठून.

घर क्र. ८
एकदम सगळे घेऊ नये. आधी रिंग पाने, ८ इंची पक्कड, दोन ड्रायव्हर आणि अर्धा किलोची हातोडी. नाशिकच्या सातपूरला तयार होणारी तपारियाची पक्कड आणि पाने मी वर्षानुवर्षे वापरले आहेत, पण नामांकित छापाची नक्कलही बाजारात फिरते, म्हणून बिल घ्यावे. गोट्यांचा संच आणि रॅचेट (गोटी एकाच दिशेने फिरवणारा दांडा) पुढच्या महिन्यात. शनिवारी मी मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला जाणार आहे. ऐरोलीहून ठाण्याला यावे, तिथून धीम्या लोकलने मशीद स्थानकाला उतरावे. पुढे चालत जाता येते. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात. आणि आणलेली हत्यारे पोर्चमध्ये उघडी ठेवू नका. खाडी जवळ आहे, पावसाळ्यात क्रोमखालीही गंज चढतो आणि मुलाम्याचा पापुद्रा बोट कापतो. काम झाले, की तेलाच्या फडक्याने पुसून डब्यात ठेवावी.

घर क्र. ५
शनिवारसाठी यादी करतो. सकाळी ९ वाजता ऐरोली स्थानकावर. येणाऱ्यांनी कृपया आकडा कळवावा.

घर क्र. १४
घर क्र. २ चे काका, मंडपवाल्यांच्या पेटीत पाना सापडला. पिशवीत घालून आपल्या फाटकाला अडकवला आहे. उशिराबद्दल क्षमा असावी.

घर क्र. २
मिळाला. मुठीवर रंग लागला आहे, तोंड मात्र शाबूत आहे. शनिवारी मीही येतो. मला १०-११ चा घ्यायचा आहे.