नेट गेलं नव्हतं, लांडगा गप्प बसला होता

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

गेल्या रविवारी पोरीला मांडीवर घेऊन जुना मोगली लावला. पोरगी सात वर्षांची. मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची, 1989 सालची, 52 भागांची. आपल्याकडं ती नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला दूरदर्शनवर हिंदीतनं लागायची. एके ठिकाणी लांडगा कड्यावर बसून खाली दरीकडं बघत असतो. मागं हातानं रंगवलेलं आभाळ. तीन-चार सेकंद काहीच हलत नाही. पोरगी म्हणाली, "बाबा, नेट गेलं." आणि बोटानं स्क्रीन टोचायला लागली.

तिचा दोष नाही. तिला माहीत असलेला मोगली म्हणजे हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटनं 2010 च्या सुमारास काढलेला, संगणकावरचा. त्यात कुणी एक सेकंद गप्प बसत नाही. अस्वल बोलतं, मग पोरगं बोलतं, मग दोघं पळतात, पळतापळता पण बोलतात. मोगलीचे केस बघा, प्लास्टिकचा मग पालथा घातल्यासारखे. जंगलात पान हलत नाही पण भुवया सारख्या हलतात.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या कार्टूनला गप्प बसता यायचं. नव्याला येत नाही. पोरांना गप्प बघायची सवय त्यातनंच लागायची. पटत नसेल तर भांडा, पण दोन्ही बघून भांडा.

तालमीतला

शंभर टक्के भावा! आज्जा मला रविवारी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्यायचा, धारोष्ण दूध पाजायला. मोगली चुकायला नको म्हणून मी ग्लास उभ्याउभ्या रिकामा करायचो आणि घराकडं पळत सुटायचो. पोटात दूध डचमळायचं. आता पोरं कधीपण बघतात, कुठंपण बघतात. त्यात पळायचं काय राहिलं?

वायरफ्रेम

मी मंगळवार पेठेतला, सध्या पोटासाठी पुण्यात. काम ॲनिमेशनचंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादा, तो लांडगा गप्प बसला कारण त्याला हलवायला पैसे नव्हते. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम जातात. जपानी टीव्ही मालिकांत एकच चित्र बहुतेक वेळा तीन फ्रेम धरून ठेवत, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. प्राणी नुसता बोलत असेल तर धड तेच, फक्त तोंड बदलायचं. काहीच करत नसेल तर एकच चित्र आणि कॅमेरा हळूच सरकवायचा. दर आठवड्याला एक भाग हातानं काढायचा म्हटल्यावर दुसरं काय करणार? तुम्ही ज्याला गप्प बसणं म्हणताय ती काटकसर होती.

संगणकावर गणित उलटं असतं. आधी पुतळा करायचा, मग त्याच्या आत हाडं घालायची, त्याला आम्ही रिग म्हणतो. खर्च तिथं. एकदा रिग झाला की त्याला हलवणं त्या मानानं स्वस्त, म्हणून तो सारखा हलतो. महाग काय, तर केस, फर, पाणी, ओलं अंग. टीव्हीच्या बजेटमध्ये ते बसत नाही, म्हणून डोक्यावर तुमचा तो मग. दोष कंप्युटरचा नाही ओ, पैशाचा आणि मुदतीचा आहे.

पुरावा पाहिजे? 2016 चा जॉन फॅवरो या दिग्दर्शकाचा मोगलीवरचा हॉलिवूड चित्रपट. अख्खं जंगल संगणकात, चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, खरं असं मुख्यतः ते एक पोरगं. त्या कामाचा वाटा बंगळुरूतल्या स्टुडिओनंही उचलला होता. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. त्या वाघाच्या मानेवरची फर बघून प्लास्टिक म्हणून दाखवा.

पंचगंगाकाठ

काटकसरीतनं आलं म्हणून ते कमी कसं झालं? बाबूराव पेंटरांनी 1918 त कॅमेरा इथं कोल्हापुरात बसून बनवला तो हौस म्हणून न्हवं, दुसरा इलाज नव्हता म्हणून. अडचणीतनं निघालेल्या गोष्टीला आपण या गावात नावं ठेवायची? प्रभात फिल्म कंपनी इथंच उभी राहिली 1929 ला.

आणि फरीचं म्हणशील तर मोजलेली फर आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेथमास्तर

नमस्कार. उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांचं काम केलं, आता मुलगा बघतो. तुमच्या मोगलीतलं मला कळत नाही. पण नातू थॉमस नावाची इंजिनाची मालिका बघतो, त्यावर बोलतो.

ती 1984 ची मालिका खऱ्या मॉडेलवर केलेली. छोटी इंजिनं, छोटे रूळ, छोटी स्टेशनं. इंजिनाच्या तोंडाचे साचे वेगवेगळे. हसायचं असलं की हसरं तोंड बसवायचं, रुसायचं असलं की रुसकं. हलायचे ते फक्त डोळे. गोष्ट सांगणारा एकच माणूस, तोच सगळ्यांची बोलणी बोलायचा, आपली आज्जी सांगायची तशी. पुढं 2009 ला सगळं संगणकावर गेलं. तोंडं हलायला लागली, प्रत्येकाला वेगळा आवाज आला.

नातवाला दोन्ही चालतं. मला एकच खटकतं. जुन्यात मालगाडी थांबली की मागचे डबे एकमेकांवर आदळून थांबतात. डबे जोडणाऱ्या कपलिंगला झटका बसलेला दिसतो. सांध्यावर चाक जरासं उडतं. लोखंडाला वजन असतं, ते दिसायला पाहिजे. नव्यात इंजिन वळणावरनं असं जातं, जसं तव्यावरनं लोण्याचा गोळा. मी नातवाला म्हटलं, ह्या इंजिनाचं वजन किती असंल? तो म्हणाला, आजोबा, हे खरं नाहीये. म्हटलं जुनं तरी कुठं खरं होतं? तर म्हणतो, ते खेळण्याचं होतं, खेळणं खरं असतं.

आता 2021 पासनं तेच परत सपाट चित्रांत आणलंय म्हणं. मॉडेलवरनं कंप्युटर, कंप्युटरवरनं कागद. आमच्या धंद्यात असं उलटं फिरलं तर गिऱ्हाईक जॉब परत पाठवंल.

वायरफ्रेम

मास्तर, "खेळणं खरं असतं" हे मी उद्या ऑफिसात फळ्यावर लिहिणार आहे.

वजन संगणकात देता येतं, पण ते आपोआप येत नाही. माणसानं बसून द्यावं लागतं, एकेक झटका. मुदतीत पहिली काट तिथंच लागते. तुमच्या बाजूनं अजून एक सांगतो. थंडरबर्ड्स नावाची 1965 ची ब्रिटिश मालिका, दोऱ्यांच्या बाहुल्यांची. 2015 ला ती नव्यानं केली तेव्हा माणसं संगणकावर केली, पण इमारती, डोंगर, तळ मात्र न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपनं खरेखुरे छोटे बांधले. म्हणजे करणाऱ्यांनाही तुमच्यासारखंच काहीतरी खटकत असणार. मी हरलो असं समजू नका, एवढ्यापुरतं मान्य करतो.

धाकटी पाती

दादा, मी गप्प बसणार होतो, पण आता राहवत नाही.

मावशीच्या घरी म्हणजे तुमच्या घरी रंगीत टीव्ही ताईच्या लग्नात आला. मोगली संपून गेल्यावर. त्याच्याआधी तो लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट होता, आणि पुढं काकांनी डोळ्यांना त्रास नको म्हणून निळी काच अडकवलेली. "हातानं रंगवलेलं आभाळ" काय सांगता लोकांना? तुमचा शेरखान निळा होता! लांडगा निळा, मोगली निळा, बातम्या देणारी बाई पण निळी. त्यात वारा सुटला की मुंग्या. मी गच्चीवर अँटेना धरून उभा, तुम्ही खालनं ओरडणार, "आलं आलं, गेलं." निम्मे भाग मी ऐकलेत, बघितले नाहीत. लांडगा गप्प होता का अँटेना फिरली होती हे तुम्हाला तरी आठवतंय का?

तालमीतला

निळा शेरखान 😂 जगात भारी.

शाहूपुरीची आई

सगळे पुरुष आपापलं बालपण सांगून झाले असतील तर मी बोलू का?

माझा मुलगा पाच वर्षांचा. त्याला जुना मोगली लावून दिला तर दोन मिनिटांत उठला, म्हणाला अंधार आहे, भीती वाटते. नवा बघताना हसतो, गाणी म्हणतो, त्यातली अस्वलाची चाल करून दाखवतो. मग काय वाईट? सगळ्यांनी गप्प बसायला शिकण्यासाठीच कार्टून बघायचं का? आम्हीही लहानपणी ते गंमत म्हणूनच बघत होतो, संस्कार म्हणून नव्हे.

माझी तक्रार चित्राशी नाहीच. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, तिथं आहे. दूरदर्शन अर्ध्या तासानं आपल्याला हाकलून द्यायचं आणि मग आठवडाभर काही नाही. आता हाकलायचं काम माझ्याकडं आलंय, आणि त्यात मी वाईट ठरते. त्यावर कुणी धागा काढत नाही.

करवीर वाचक

जुना विरुद्ध नवा ही मांडणीच मला मान्य नाही. मोगलीचं मूळ पुस्तक, रुडयार्ड किपलिंगचं 'द जंगल बुक', 1894 चं. त्यानंतरचं सगळंच रिमेक. घडतं कुठं, तर सिवनीच्या जंगलात, म्हणजे नागपूरच्या वर, पेंचच्या बाजूला. मुंबईत जन्मलेला इंग्रज लिहितो, जपानी काढतात, हैदराबादचे परत काढतात, आणि आपण कोल्हापुरात बसून यातला कुठला अस्सल यावर भांडतो.

तरी मुळाशी ताडून बघायचंच असेल तर बघू. पुस्तकातला बाळू, म्हणजे ते अस्वल, विनोदी नाही, तो जंगलाचा कायदा शिकवणारा कडक मास्तर आहे. 'का' नावाचा अजगर मोगलीच्या बाजूचा आहे, माकडांच्या तावडीतनं त्याला सोडवतो. डिस्नेनं 1967 ला त्याला खलनायक केलं, 2016 च्या चित्रपटातही तो मोगलीला गिळायलाच येतो. जपान्यांनी त्याला म्हातारा, शहाणा ठेवला. म्हणजे या हिशोबात धागाकर्त्याचा मोगली पुढं आहे, पण तो हातानं काढला म्हणून नव्हे. कुणीतरी पुस्तक नीट वाचलं म्हणून.

आणि शेरखान. मूळ शेरखान जन्मापासून एका पायानं लंगडा आहे. त्याची आईच त्याला लंगडी म्हणायची. धावून शिकार साधत नाही म्हणून तो गुरंढोरं मारतो, गावकरी चिडतात, म्हणून बाकीचं जंगल त्याच्यावर चिडतं. अख्ख्या वैराला कारण आहे. 2016 त त्याला भाजलेला डोळा दिला. दिसायला जबरी, पण ते कारण वेगळं झालं.

आता खरी पोटदुखी सांगतो. मोगली हिंदीत, थॉमस इंग्रजीत. मराठी पोराचं मराठी कार्टून कुठाय? आपल्याला आठवतो तो ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, पण तो माणसांचा, चित्रांचा नव्हे. दाजीपुरात गवा आहे. कधीमधी शहराच्या कडेपर्यंत येतो, तेव्हा सगळं गाव मोबाईल काढून मागं धावतं. त्याच्यावर एक दहा मिनिटांचं कार्टून कुणाला सुचलेलं नाही. हातानं काढा नाहीतर कंप्युटरवर, मी तक्रार करणार नाही.

तालमीतला

गोट्याला 3डी करून पालथ्या मगासारखे केस दिले तर मी तालमीतली पोरं घेऊन येतो. आत्ताच सांगून ठेवतो.

पंचगंगाकाठ

धाकट्या, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्यास. निळी काच होती, मान्य. रात्री बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला. शेरखान मला पिवळाच आठवतो. म्हणजे तो रंग मी नंतर कधीतरी भरलाय.

मग अजून एक लक्षात आलं. 2016 ला थेटरात हिंदीतला शेरखान बोलायला लागला तेव्हा अंगावर काटा आला, कारण आवाज परत नाना पाटेकरांचाच. जुन्याला तोच, नव्याला तोच. मी डोळे मिटून बघितलं तर फरक काही नव्हता. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची. यातलं काहीच जपानी नाही, आणि हातानं रंगवलेलं तर नाहीच. मी ज्याच्यासाठी भांडतोय त्यातला निम्मा माल आवाजाचा निघाला, तोपण अँटेना धरून उभा असलेल्या भावाला माझ्याइतकाच मिळालेला.

पण लांडग्याचं मी सोडणार नाही. वायरफ्रेम, पैसे नव्हते म्हणून गप्प बसवला असंल, तरी तो गप्प बसलेला चांगला दिसतो हे बघून तिथंच ठेवणारा कुणीतरी होता की. तीन सेकंद ठेवायचा का पाच, हे पैशानं ठरवलं नसणार.

वायरफ्रेम

तीन का पाच, हे दिग्दर्शकानं ठरवलं असणार. इथं मात्र तुमचं बरोबर आहे. आमच्याकडं आता तीन ठेवले तर "इथं काहीतरी घाला" असा निरोप येतो.

लेथमास्तर

काहीतरी घाला म्हणणारे आमच्याकडंपण येतात. जॉबला रंग मारा म्हणतात.

शाहूपुरीची आई

करवीर वाचक, तुमच्या लंगड्या शेरखानानं माझ्या घरात गोंधळ घातलाय. काल रात्री मुलाला झोपवताना सहज सांगितलं, की खरा शेरखान लंगडत चालायचा आणि त्याची आईच त्याला तसं म्हणायची. ताडकन उठून बसला. "मग ती त्याला चिडवायची?" म्हटलं माहीत नाही. "तो रडायचा?" तेही माहीत नाही.

आज सकाळपासून एकाच पायात चप्पल घालून घरभर लंगडत फिरतोय. कार्टून लावू का म्हटलं तर नको म्हणाला. आजीला विचारून आला, तू कुणाला लंगडं म्हणायचीस का. शाळेची रिक्षा आली तेव्हासुद्धा जिना लंगडतच उतरला. रिक्षावाले मामा म्हणतात, वैनी, पोराचा पाय मुरगळलाय का?