शाळेत दातांना फ्लोराईड लावणार आहेत. सही करावी का?

सांगलीची_आई: लेक पहिलीत आहे. शाळेतून संमतीपत्र आलंय, पुढच्या आठवड्यात मुलांच्या दातांना फ्लोराईड वार्निश, म्हणजे दात किडू नयेत म्हणूनचा लेप, लावणार. माझं मत, लावून घ्यावं. थोरल्याच्या दाढा किडल्या तेव्हा रात्रभर गाल धरून रडायचा. सासरे मात्र ठाम नको म्हणतात.

आटपाडीकर: सासऱ्यांचं ऐका. नोकरीनिमित्त मी यवतमाळकडं होतो. तिथं बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त. पोरांच्या दातांवर तपकिरी डाग, म्हाताऱ्यांचे सांधे आखडलेले. तेच आपण मुद्दाम लावायचं?

मिरजेचा_दातवाला: दादा, ते खरंय, पण ते वर्षानुवर्षं पोटात गेलेलं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम चालतं, दुसरी सोयच नसेल तर १.५. वार्निश वरून लावायचं, साधारण सहा महिन्यांनी एकदा. गोड खाल्लं की जंतू आम्ल करतात, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळतं. फ्लोराईड मुरलेलं कवच ४.५ पर्यंत तग धरतं.

आटपाडीकर: आणि वार्निशमध्ये २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराईड असतं ते? पेस्टमध्ये तर १०००!

मिरजेचा_दातवाला: आकडा बरोबर. पण लहान मुलाला लागतं पाव ते अर्धा मिली, तेही दाताला चिकटून बसतं. त्यापेक्षा रोज ब्रशभर पेस्ट गिळणारी पोरं बघा. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं वाटाण्याएवढी, बास!

जुना_गडी: आम्ही राखुंडीनं घासले, ऊस दातानं सोलला. सत्तरीत कणीस खातो.

सांगलीची_आई: काका, तुमचे टिकले म्हणून तुम्ही सांगताय, ज्यांचे पडले ते कवळी लावून गप्प बसलेत. आणि तुमच्या वेळी दिवसभर क्रीमची बिस्किटं होती का? नातवाला झोपताना दुधाची बाटली कोण देतं, तेही सांगा.

जुना_गडी: बाटली त्याची आज्जी देते. माझ्यावर घालू नका.

आटपाडीकर: मला अजून पुरतं पटलेलं नाही. आमच्या बोअरचं पाणी आधी तपासून घेतो, मग बघू.

मिरजेचा_दातवाला: जरूर तपासा. ताई, तुम्ही सही करा. त्या दिवशी भडंग, चिक्की असलं कडक काही देऊ नका, गरम दूधही नको. रात्री ब्रश नको, दुसऱ्या दिवशी सकाळी घासायचं. दात पिवळट दिसतील, ते निघून जातं.

सांगलीची_आई: केली सही. सासऱ्यांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, 'फुकट आहे ना, मग लाव.'