विषय: भाऊंची पद्मिनी आणि हॉलच्या दाराचा खांब

सचिव, मंगळवार रात्री

मंडळी, शनिवारच्या भाऊंच्या आठवणींच्या कार्यक्रमाचं बाकी सगळं ठरलंय. अडलंय एकाच जागी. त्यांची पद्मिनी गाडी हॉलच्या बाजूच्या दुहेरी दारातून आत घ्यायची तर मधला लोखंडी खांब काढावा लागेल. हॉलचा माणूस म्हणतो, तो निघतच नाही. अहो, गणपतीत मखर आत नेताना निघाला होता की! कुणी काढला होता? पाना कुणाकडे आहे?

शिवाय फायर मार्शलची अट: टाकीत पाव टाकी किंवा 5 गॅलन, जे कमी असेल त्याहून जास्त पेट्रोल नको, झाकण बंद, बॅटरीच्या तारा काढलेल्या. उद्यापर्यंत कळवा.

नॉव्हायहून, त्याच रात्री

खांब मी काढला होता. मखराचं काम इतकी वर्षं माझ्याकडे आहे, तेव्हा हॉलच्या माणसाआधी मला विचारलं असतं तर बरं झालं असतं. पाना माझ्या गराजमध्ये आहे. वरचा बोल्ट झिजलाय, ओढाताण केलीत तर चौकट वाकेल. मी येईपर्यंत कुणी हात लावू नये.

पेट्रोलची काळजी सोडा. भाऊंच्या त्या डुक्कर फियाटमध्ये पाव टाकीच्या वर पेट्रोल कधी होतं? वुडवर्ड क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या त्या जुन्या गाड्यांच्या फेरीला, एकदा फर्न्डेलहून निघालो, बर्मिंगहॅमला गाडी खोकून बंद पडली. भाऊ शांतपणे उतरले, डिकी उघडली, चार घडीच्या खुर्च्या आणि चिवड्याचा डबा काढला. म्हणाले, ‘इथेच थांबायचं होतं, सावली बरी आहे.’

जुना सभासद, बुधवार

डुक्कर फियाट नव्हे हो! डुक्कर म्हणजे पन्नाशीच्या दशकातली, पुढची दारं उलटी उघडणारी. आमच्या वडिलांकडे होती, म्हणून सांगतो. भाऊंची 1978ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगपाशी. लोक सरसकट डुक्कर म्हणतात, ते मला कधीच पटलं नाही.

2023च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा भाऊंचा रात्री फोन: ‘आता भाडं नाकारणारा मी एकटाच उरलो रे.’

ट्रॉयहून, बुधवार

दारं उलटी असोत की सुलटी, नंबर प्लेटचं कुणी पाहिलंय का? गाडीला हिस्टॉरिक प्लेट आहे, जुन्या गाड्यांना मिळते ती. मिशिगनमध्ये त्या प्लेटवर ऑगस्टमध्ये कुठेही फिरवता येते, एरवी प्रदर्शन, मिरवणूक, क्लबचा कार्यक्रम एवढ्यापुरतीच. आता सप्टेंबर आहे. आपला कार्यक्रम प्रदर्शन धरायचा का?

भाऊंना विचारलं असतं तर म्हणाले असते, मिरवणूक धर. आमच्या दोघांना आणि त्यांच्या तिघांना मागे कोंबून कॉफी आणायला न्यायचे. स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे ड्राइव्ह-थ्रूची खिडकी नेमकी वहिनींच्या बाजूला. भाऊ पलीकडून ओरडून ऑर्डर द्यायचे आणि पैसे द्यायची वेळ आली की आरशात भांग बघायचे.

खजिनदार, बुधवार

प्रदर्शन म्हणा, मिरवणूक म्हणा, हॉलचं डिपॉझिट माझ्या सहीने भरलंय. लादीवर ऑइल गळलं तर ते कापून घेतील. खाली ताडपत्री कोण आणतंय?

नॉव्हायहून, बुधवार

ताडपत्री आहे. पण मुद्दा खांबाचा आहे. शुक्रवारी रात्री मला आत सोडणार का, ते आधी विचारा.

वहिनी, गुरुवार पहाटे

सगळ्यांचे मेल वाचले. बर्मिंगहॅमचा वाचून पहिल्यांदा हसले.

बॅटरीच्या तारा काढल्या तर हॉर्न वाजणार नाही. निघताना दोनदा हॉर्न नातू मारणार, हा आजोबा-नातवाचा करार आहे. शनिवारीही तो मागणारच, आणि मी त्याला बॅटरी समजावत बसणार नाही. गाडी बाहेर मेपलखाली लावा. धाकटा चालवत आणेल. सकाळी गार असेल तर चोक पूर्ण ओढायचा आणि उगाच अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसायचं नाही, हे त्याला सांगून झालंय. प्लेटचंही तो बघतोय.

वडे गरम असू देत. यांना गार वडा चालत नसे.

नॉव्हायहून, गुरुवार

वहिनी, तुमचा शब्द शेवटचा.

मग खांब काढायचा की नाही? बोल्टवर तेल सोडायला आज संध्याकाळी जाणारच होतो.